जनतेचा आनंद आणि जनतेचे ऋण

३० नोव्हेंबर २०२४ रोजी ब्युनोस आयरेस येथील मैदानावर रिओ दि जानेरोच्या बोटाफोगो या संघाने दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या स्पर्धांत सर्वोच्च मानला जाणारा लिबर्टाडोरेस करंडक प्रथमच जिंकला. सामना सुरू होऊन एक मिनिटही झाले नव्हते तोच या संघाच्या एका खेळाडूला पंचांनी मैदानाबाहेर काढले होते. उरलेल्या दहा जणांनी ॲटलेटिको मिनेरो या ब्राझीलमधल्याच संघाचा ३-१ असा पराभव केला. पहिला गोल लुईझ एन्रिके या तरुण खेळाडूचा होता आणि त्याच्या पाठीवर ७ हा आकडा होता. अन्य एखाद्या क्लबच्या चाहत्यांनी या आकड्याची फारशी दखल घेतली नसती. बोटाफोगोच्या चाहत्यांची गोष्ट वेगळी. सात क्रमांकाचा सदरा त्यांच्या लेखी एका विशिष्ट माणसाचा सदरा आहे. आणि त्या माणसाला जाऊन त्या दिवशी एक्केचाळीस वर्षे उलटून गेली होती.

त्या माणसाचे नाव गारिंचा. १९५३ पासून १९६५ पर्यंत तो बोटाफोगोकडून सहाशेहून अधिक सामने खेळला आणि २० जानेवारी १९८३ रोजी, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, मद्याने पोखरलेल्या शरीरानिशी रिओतील एका रुग्णालयात मरण पावला. ज्यांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिले ती माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. बाकीच्यांच्या वाट्याला आला आहे तो वडीलधाऱ्यांनी सांगितलेला गारिंचा आणि जुन्या, अस्पष्ट चित्रफितींत धावणारा गारिंचा. तरीही त्याचे नाव निघाले की बोटाफोगोच्या चाहत्याचा स्वर बदलतो. घरातील एखाद्या दिवंगत माणसाविषयी बोलावे तसे तो बोलू लागतो. खेळाडूवरील प्रेम वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाते याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

परंतु या स्मरणात एक अडचण आहे. जी जनता आज गारिंचाची आठवण डोळ्यांत पाणी आणून काढते, तिच्याच डोळ्यांदेखत तो वीस वर्षे खचत गेला. ज्या क्लबने त्याच्या सदऱ्याला देवत्व दिले, त्याच क्लबने त्याचा गुडघा निकामी होईपर्यंत त्याला खेळविले. तेव्हा हे स्मरण म्हणजे ऋण फेडण्याचा प्रयत्न आहे की ऋण विसरण्याची सोय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. तो केवळ ब्राझीलपुरता नाही; आपल्या आवडत्या माणसांना कोणताही समाज कसा आठवतो, याच्याशी त्याचा संबंध आहे.

वाकड्या पायांची किमया

मान्वेल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे गारिंचाचे खरे नाव. ऑक्टोबर १९३३ मध्ये रिओ राज्यातील माजे भागात पाउ ग्रांदे या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव म्हणजे ‘अमेरिका फाब्रिल’ या कापड गिरणीची वसाहत होती. घरे गिरणीची, रोजगार गिरणीचा आणि फुटबॉलचा संघही गिरणीतल्या कामगारांचा. ‘गारिंचा’ हे त्या भागातल्या एका चिमुकल्या तपकिरी पक्ष्याचे नाव. अंगापिंडाने लहान असलेल्या भावाला ते बहिणीने दिले, असे सांगतात. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून वाकडे होते. एक आत वळलेला, दुसरा बाहेर झुकलेला, आणि त्यातही एक दुसऱ्याहून आखूड. उभा राहिला की वाऱ्याने एकाच दिशेला लववलेल्या दोन झाडांसारखे ते पाय दिसत. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामगार म्हणून त्याचा लौकिक चांगला नव्हता. पण गिरणीच्या संघाला त्याच्यावाचून करमत नसल्याने त्याची नोकरी टिकली.

१९५३ मध्ये तो बोटाफोगोकडे चाचणीसाठी आला तेव्हा त्याला अडविण्याचे काम निल्टन सांतोस याच्याकडे देण्यात आले. निल्टन सांतोस हा त्या काळी ब्राझीलचा सर्वोत्तम डावा बचावपटू. या वाकड्या पायांच्या पोराने त्याला पुन्हा पुन्हा हुलकावणी दिली. आणि याला ताबडतोब करारबद्ध करा, म्हणजे निदान त्याच्याविरुद्ध खेळण्याची पाळी येणार नाही, असे सांतोसने अधिकाऱ्यांना सुचविले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेतले तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. एवढे मात्र खरे की, त्याच वर्षी जुलैमध्ये बॉनसुसेसो संघाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात गारिंचाने तीन गोल केले आणि उजव्या बगलेची जागा त्याची झाली.

त्याच्या खेळाचे रहस्य सांगणे सोपे आणि समजणे अवघड होते. चेंडू पायाशी घेऊन तो बचावपटूसमोर थांबे. अंग डावीकडे झुकवी, क्षणभर घुटमळे आणि उजवीकडून निघून जाई. तो उजवीकडूनच जाणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे, प्रेक्षकांनाही ठाऊक असे. तरी प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याचा तोल डावीकडे जाई. कधी चेंडू जागच्या जागी ठेवून गारिंचा नुसताच धाव घेतल्याचे सोंग करी आणि बचावपटू चेंडूशिवायच त्याच्या मागे धावत सुटे. प्रेक्षागारात त्या वेळी जो हशा पिके तो कुत्सित नसे. सर्कशीतील विदूषकाने जादूगारावर मात करावी तशी ती गंमत असे. १९५८ मध्ये मेक्सिको शहरात अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाविरुद्ध तो खेळत असता, त्याच्या प्रत्येक हुलकावणीसरशी प्रेक्षकांनी बैलझुंजीतल्याप्रमाणे ‘ओले’चा गजर केला आणि फुटबॉलच्या मैदानावर ही आरोळी तेव्हापासून रूढ झाली, असे सांगितले जाते.

१९५८ च्या विश्वकरंडक स्पर्धेसाठी ब्राझीलचा संघ स्वीडनला गेला तेव्हा संघाबरोबरच्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. त्यांत गारिंचाचा निकाल इतका कमी आला की, मोठ्या सामन्याचे दडपण पेलण्यास हा अयोग्य आहे, असा अभिप्राय देण्यात आला. पहिले दोन सामने तो बाहेरच बसला. तिसरा सामना १५ जून रोजी सोव्हिएत संघाशी होता. सोव्हिएत फुटबॉल शास्त्रशुद्ध मानला जाई आणि गोलरक्षणाला लेव्ह याशिनसारखा अतुलनीय खेळाडू होता. खेळ सुरू होताच गारिंचा उजवीकडून घुसला आणि त्याचा फटका खांबावर आदळला. पाठोपाठ पेलेचा फटका आडव्या दांडीवर गेला आणि तिसऱ्या मिनिटाला व्हाव्हाने गोल केला. शास्त्राचा पराभव झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; चाचणीचा मात्र निश्चित झाला. अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरविले. त्यातील ब्राझीलचे पहिले दोन्ही गोल गारिंचाने उजव्या बगलेवरून आत दिलेल्या चेंडूंवर झाले.

चार वर्षांनी चिली येथे दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला आणि ब्राझीलची सारी भिस्त गारिंचावर आली. उपउपान्त्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपान्त्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध दोन गोल. नेहमी उजव्या रेषेला चिकटून असणारा हा खेळाडू त्या स्पर्धेत डोक्याने, डाव्या पायाने, दुरून, जवळून, हवे तसे गोल करीत होता. १७ जून १९६२ रोजी अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरविणाऱ्या ब्राझीलच्या अकरा जणांत निल्टन सांतोस, दिदी, झगालो, अमारिल्डो आणि गारिंचा असे पाच खेळाडू बोटाफोगोचे होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माराकाना मैदानावर फ्लेमेंगोला ३-० असे नमवून बोटाफोगोने रिओचे अजिंक्यपदही मिळविले. क्लबच्या इतिहासातला हा कळस होता. दुसऱ्या वर्षी लिबर्टाडोरेस स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पेलेच्या सांतोस संघाने त्याला अडविले, आणि तो करंडक हाती येण्यास पुढे एकसष्ट वर्षे लागली.

गारिंचा आणि पेले हे दोघे एकत्र खेळले असता ब्राझील एकही सामना हरला नाही. तरीही दोघांविषयीची भावना सारखी नव्हती. पेले हा राजा होता. गारिंचाला लोकांनी ‘जनतेचा आनंद’ ही पदवी दिली. माराकाना मैदानात, अगदी खेळपट्टीच्या पातळीवर, स्वस्त तिकिटाची उभी राहण्याची जागा असे. हमाल, गिरणीकामगार, फेरीवाले, घरगडी तेथे उभे राहून सामना पाहत. तेथून सबंध मैदान धड दिसत नसे. परंतु बगलेच्या रेषेवरून धावणारा खेळाडू हाकेच्या अंतरावर येई. गारिंचा असा त्यांच्याजवळ होता. त्याचे व्यंग, त्याची गिरणी, त्याचे अर्धवट शिक्षण हे सारे त्यांचेच होते. ज्या देशाने त्या लोकांना आयुष्यभर मागे ढकलले, तेथे त्यांच्यातलाच एक जण सुदृढ, सुशिक्षित, शिस्तबद्ध प्रतिस्पर्ध्यांना रविवारच्या दुपारी हसत हसत चकवीत होता. या प्रेमाचे मूळ तेथे आहे.

टाळ्यांपलीकडचा हिशेब

हा हिशेब आनंदाच्या बाजूने लिहिला तर फार मोठा होतो. दुसरी बाजू लिहावयाची तर तत्कालीन ब्राझीलमधील खेळाडूच्या स्थितीपासून आरंभ करावा लागेल. तेथे ‘पास’ नावाची पद्धती होती. तिच्यानुसार खेळाडूच्या नोंदणीवर क्लबचा मालकी हक्क असे. कराराची मुदत संपली तरी हा हक्क संपत नसे. क्लबने सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. वेठबिगारीशी या पद्धतीची तुलना पुढे अनेकांनी केली. ती मोडून काढणारा कायदा १९९८ मध्ये झाला आणि काही काळ क्रीडामंत्री असलेल्या पेलेच्या नावाने तो ओळखला जातो. गारिंचाच्या काळात यातले काहीच नव्हते. तो तर कोऱ्या करारपत्रांवर सही करून मोकळा होई, असे सांगितले जाते. विश्वविजेत्या संघाचा मानकरी झाल्यावरही, त्याच्या नावावर क्लबला जे मिळे त्याच्या मानाने त्याच्या हाती पडणारा पैसा थोडाच होता.

बोटाफोगोचे उत्पन्न पुष्कळसे परदेश दौऱ्यांवर अवलंबून होते. संघात गारिंचा असला तर अधिक मानधन, नसला तर कमी. त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यात सुया टोचून तो खेळत राहिला. वाकड्या पायांच्या सांध्यांवर मुळातच अधिक ताण येत होता. १९६३ पर्यंत गुडघ्याची झीज उघड दिसू लागली आणि १९६४ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. पूर्वीचा गारिंचा त्यानंतर परतला नाही. १९६६ च्या आरंभी तो साओ पाउलोच्या कोरिंथियन्स संघाकडे गेला. त्याच वर्षी इंग्लंडमधील विश्वकरंडक स्पर्धेत ब्राझील हंगेरीकडून ३-१ असा हरला. राष्ट्रीय संघाकडून गारिंचाचा तो शेवटचा सामना आणि एकमेव पराभव. पुढे या ना त्या क्लबकडून तो तुरळक खेळत राहिला. पण प्रेक्षक येत ते त्याच्यातला जुना गारिंचा शोधायला.

या काळात त्याचे खासगी आयुष्यही उद्ध्वस्त होत गेले आणि त्याचा दोष सर्वस्वी इतरांच्या माथी मारता येणार नाही. पहिली पत्नी नाईर आणि आठ मुली यांना सोडून त्याने एल्झा सोआरेस या प्रख्यात गायिकेशी संसार मांडला. गोरगरिबांच्या वस्तीतून वर आलेली ही कृष्णवर्णी स्त्री स्वतःच्या आवाजावर मोठी झाली होती. चाहत्यांनी मात्र आपल्या लाडक्या खेळाडूला बिघडविणारी बाई म्हणून तिच्यावर शिव्यांचा वर्षाव केला. वस्तुतः त्याचे मद्यपान तिच्या आगमनापूर्वीचे होते आणि ते सुटावे म्हणून धडपडणारी तीच होती. १९६९ मध्ये गारिंचा चालवीत असलेल्या मोटारीला महामार्गावर अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई दगावली. पुढे काही काळ दोघे इटलीत राहिली. तेथे ब्राझीलच्या कॉफी मंडळाने कॉफीच्या प्रचारासाठी त्याला काम दिले. मद्याच्या अमलाखाली तो एल्झाला मारहाण करी. १९७७ मध्ये दोघे विभक्त झाली.

लोकांना त्याचा विसर पडला होता, असे मात्र म्हणता येत नाही. १९ डिसेंबर १९७३ रोजी त्याच्या साहाय्यार्थ माराकानावर निरोपाचा सामना झाला तेव्हा १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक तिकीट काढून आले. पेले त्या सामन्यात खेळला. चाळीस वर्षांचा, स्थूल झालेला गारिंचा थोडा वेळ मैदानावर वावरला आणि प्रेक्षकांना अभिवादन करून बाहेर पडला. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा या विख्यात सांबा पथकाने त्याच्या सन्मानार्थ त्याला चित्ररथावर बसविले. औषधांच्या गुंगीत, शून्य नजरेने बसलेला तो माणूस साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. सन्मान होता, वाद्ये होती, लाखो डोळे होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याला त्याचा कितपत पत्ता होता, हा प्रश्न त्या रात्री अनेकांना पडला असेल.

तीन वर्षांनी तो गेला तेव्हा त्याचे पार्थिव माराकानावर ठेवण्यात आले आणि तेथून अग्निशामक दलाच्या गाडीवरून पाउ ग्रांदेकडे नेण्यात आले. सबंध वाटेवर, पुलांवर, घरांच्या गच्च्यांवर माणसे दाटली होती. मोटारी जागच्या जागी अडकल्या तेव्हा लोक पायी निघाले. जिवंतपणी ज्याला शेवटी फारसे कोणी भेटावयास गेले नव्हते, त्याला पोहोचविण्यास हजारो आले. यास केवळ दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या गर्दीतील शोक खरा होता. पण एवढ्या प्रेमाला त्याच्या हयातीत काम करण्याजोगी एकही वाट सापडली नाही, हेही तितकेच खरे आहे. खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन नाही, व्यसनमुक्तीसाठी धड व्यवस्था नाही, क्लबवर कसले बंधन नाही. मग प्रेमापाशी टाळ्या, वर्गणी आणि फुले याशिवाय उरतेच काय?

निरागसतेची दंतकथा

चाहत्यांनी गारिंचाची आठवण ज्या रूपात जपली, ते रूप येथे महत्त्वाचे ठरते. ब्राझीलमध्ये त्याला ‘माने’ म्हणत. मान्वेल या नावाचे हे लाडके रूप. पण बोलीभाषेत त्याचा अर्थ भोळसटही होतो. त्याच्याविषयीच्या शेकडो गोष्टी याच धर्तीच्या आहेत. समोरच्या बचावपटूचे नाव त्याला कधी ठाऊक नसे, तो सर्वांना ‘जुआंव’ म्हणे. सामना कोणाशी आहे हे त्याला कळत नसे. जग जिंकले तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. रुई कास्त्रो या लेखकाने पुष्कळ माणसांना भेटून लिहिलेले गारिंचाचे चरित्र १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी कितीतरी गोष्टी रिओतील त्याच्या एका पत्रकार मित्राच्या कल्पनेतून निघाल्या होत्या, असे त्यात आढळते. त्याच चरित्रात दारूचा, कर्जाचा, मुलांच्या आबाळीचा आणि क्लबच्या व्यवहाराचा तपशीलही होता. गारिंचाच्या मुलींनी न्यायालयात दाद मागितली आणि काही काळ पुस्तकाची विक्री थांबली. मुलींच्या भावना समजण्यासारख्या आहेत. परंतु अनेक चाहत्यांनाही ते पुस्तक पचविणे जड गेले, कारण त्यांच्या मनातले पाखरू त्यात माणूस झाले होते.

निरागसतेची ही दंतकथा वरवर पाहता प्रेमळ आहे. परंतु तिचा उपयोग सर्वांनाच होतो. गारिंचा जन्मजात अजाण बालक होता असे एकदा ठरविले की, त्याने टाकलेल्या कुटुंबाबद्दल आणि पत्नीवर उगारलेल्या हाताबद्दल त्याला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. त्याचप्रमाणे कोऱ्या करारावर सही घेणाऱ्यालाही जाब विचारण्याचे कारण उरत नाही. पाखराला व्यवहार कळत नाही, पाखरू पिंजऱ्यात जगत नाही, पाखरू उडून जाते. यात दोष कोणाचा? वास्तविक गारिंचा हा एका गिरणीगावातला अल्पशिक्षित, प्रतिभावान, स्वभावाने मोकळा आणि व्यसनाने ग्रासलेला प्रौढ पुरुष होता. त्याला सल्ला, संरक्षण आणि वैद्यकीय उपचार यांची गरज होती, तशीच त्याच्या वर्तनाला बंधनाचीही गरज होती. दंतकथेने त्याला यांतले काहीच दिले नाही.

कोणी म्हणेल, दारू त्याच्या तोंडात कोणी ओतली नव्हती. मित्रांनी, कलावंतांनी, काही संस्थांनी वेळोवेळी मदत केली आणि तिचेही त्याने मातेरे केले. या म्हणण्यात तथ्य आहे. त्याच संघात आयुष्य घालवलेला निल्टन सांतोस ८८ वर्षे जगला आणि सन्मानाने गेला. क्लबच्या मैदानाला आज त्याचे नाव आहे. सर्वांचेच जीवन गारिंचासारखे झाले नाही. पण समाजव्यवस्थेची कसोटी खंबीर माणसांवर लागत नसते. जो स्वतःला सावरू शकतो त्याला व्यवस्था नसली तरी चालते; जो सावरू शकत नाही त्याच्यासाठीच ती उभी करावयाची असते.

व्यवस्थेऐवजी स्मारके उभी राहिली. ब्राझीलच्या राजधानीतील प्रचंड क्रीडागाराला गारिंचाचे नाव आहे. २०१४ च्या विश्वकरंडक स्पर्धेसाठी ते नव्याने बांधण्यात आले तेव्हा त्या स्पर्धेतील सर्वांत महागड्या क्रीडागारांत त्याची गणना झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१७ मध्ये, माजेजवळच्या दफनभूमीत गारिंचाचे अवशेष नेमके कोठे आहेत हे सांगता येत नसल्याची बातमी आली. त्याच्या नावाच्या दोन खुणा तेथे आहेत; एक साधी कबर आणि एक नंतर उभारलेला स्तंभ. मधल्या काळात अवशेष हलविले गेले असावेत, पण त्याची नोंद सापडली नाही. ज्याच्या नावाचा दगड देशभर आहे त्याच्या अस्थींचा ठावठिकाणा नसावा, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही. माराकानातील ती स्वस्त, उभी राहण्याची जागाही २००५ मध्ये बंद झाली. ज्या लोकांनी त्याला ‘जनतेचा आनंद’ म्हटले, त्यांच्यातील बहुतेकांना आताच्या तिकिटांचे दर परवडणारे नाहीत.

आणि तरीही सामान्य चाहत्याच्या स्मरणाला कमी लेखून चालणार नाही. संस्थांच्या दप्तरातून अस्थींची नोंद हरवली, पण सात क्रमांकाचा सदरा हरवला नाही. गारिंचानंतर तो जैरझिन्होने घातला. पुढे बोटाफोगोचे वाईट दिवस आले. कर्जापायी १९७० च्या दशकात क्लबला आपली जुनी वास्तूही विकावी लागली. १९६८ नंतर एकवीस वर्षे या क्लबला अजिंक्यपद मिळाले नाही. १९८९ मध्ये फ्लेमेंगोविरुद्ध एकमेव गोल करून हा दुष्काळ ज्याने संपविला त्या मॉरिसियोच्या पाठीवर सातच होता. १९९५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले तेव्हा तुलिओच्या पाठीवर, आणि २०२४ मध्ये लुईझ एन्रिकेच्या पाठीवरही. योगायोग म्हणून याची वासलात लावता येईल. परंतु विजयाच्या ऐन क्षणी हजारो माणसांना चार दशकांपूर्वी मेलेला एक कामगाराचा मुलगा आठवावा, ही गोष्ट योगायोगाने घडत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली असावी लागते.

अलीकडे या सांगण्यातही फरक पडू लागला आहे. एल्झा सोआरेसने आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा उभारी धरली. २०१५ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, तिने काढलेल्या गीतसंग्रहात मारहाण करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढणाऱ्या स्त्रीचे गाणे आहे. ज्या देशाने तिला गारिंचाला नासविणारी म्हणून हिणविले होते, त्याने ते गाणे डोक्यावर घेतले. २० जानेवारी २०२२ रोजी ती वारली. गारिंचाच्या मृत्यूलाही त्याच दिवशी एकोणचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. रिओच्या म्युनिसिपल नाट्यगृहात तिचे पार्थिव दर्शनासाठी ठेवण्यात आले. तेव्हापासून २० जानेवारी ही तारीख गारिंचाच्या चाहत्यांना एकट्या गारिंचाची म्हणून पाळता येत नाही. त्याची आठवण काढताना तिचीही निघते आणि तिची निघाली की त्याने तिला दिलेल्या दुःखाचीही निघते.

यामुळे गारिंचाविषयीचे प्रेम उणावेल अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. उजव्या बगलेवरून त्याने दिलेल्या हुलकावण्या खऱ्या होत्या आणि त्यांनी लाखो कष्टकऱ्यांच्या रविवारी जो उजेड पाडला तोही खरा होता. तो पुसून टाकण्याचे सामर्थ्य कोणत्याही चरित्रात नाही. मात्र त्या आनंदाची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून त्याची गोष्ट पुरी होत नाही. ती किंमत त्याच्या गुडघ्यांनी मोजली, पाउ ग्रांदेतल्या आठ मुलींनी मोजली, एल्झानेही मोजली. बोटाफोगोचा म्हातारा चाहता आपल्या नातवाला सात आकड्याची कथा सांगेल तेव्हा तो जर एवढे सांगू शकला, तर माजेच्या दफनभूमीत हरवलेल्या माणसाचा थोडाफार पत्ता लागला, असे म्हणता येईल.